माया

मराठीत कापड नुसते कापत नाहीत, बेततात. दोन्ही क्रियांना कात्री तीच लागते. पण कापणारा हातातल्या कापडाकडे पाहतो, आणि बेतणाऱ्याला अजून अस्तित्वात नसलेला कपडा दिसत असावा लागतो. गेली पंधरा वर्षे साड्या वगळता माझे जवळजवळ सर्व कपडे मी स्वतः शिवते, आणि तेही छापील पॅटर्नवरून. म्हणजे माझ्या कपड्याचा बेत आधी कोणीतरी परक्या देशात आखलेला असतो. तो मी वाचते आणि मग मी निवडलेल्या कापडावर उतरवते. साहित्य शिकवणाऱ्या माणसाला ही क्रिया ओळखीची वाटावी यात नवल नाही. येथे मात्र त्या साधर्म्यापेक्षा एका अडचणीबद्दल लिहायचे आहे.

अमेरिकेतील मॅसेच्युसेट्स राज्यात एबेनेझर बटरिक या शिंप्याने १८६३ साली एकच कपडा निरनिराळ्या मापांत करता येईल असे कागदी नमुने विकण्यास सुरुवात केली. त्याआधी नमुने मिळत, पण एकाच मापाचे. ते लहानमोठे करण्याचे कसब शिवणारीकडे असावे लागे. शिवणयंत्रही त्याच सुमारास तेथे घरोघरी शिरत होते. शिंप्याच्या हातातली विद्या अशी टपालाने घरी येऊ लागली. मला ती भेटली पुण्यातील जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात, ‘बुर्डा’ या जर्मन मासिकाच्या रूपाने. एन्ने बुर्डा या बाईंनी १९५० मध्ये ऑफेनबुर्ग येथे हे मासिक सुरू केले आणि १९५२ पासून त्यात पॅटर्नची पाने येऊ लागली. पान म्हणायचे एवढेच. घड्या उलगडल्या की पलंगभर पसरणारा नकाशा असतो तो. एकाच कागदावर अनेक कपड्यांच्या रेषा एकमेकींवरून गेलेल्या असतात. त्यांतून आपल्या कपड्याची, आपल्या मापाची रेषा तेवढी शोधून पातळ कागदावर गिरवून घ्यायची. पहिले पान वाचायला मला दोन संध्याकाळी लागल्या.

या नकाशात पाठीचा तुकडा बहुधा पूर्ण नसतो. अर्धी पाठ असते, आणि तिच्या मधल्या कडेवर सूचना असते की ही बाजू कापडाच्या घडीवर ठेवा. कापड दुहेरी करून कापले आणि घडी उलगडली की अर्ध्याची पूर्ण पाठ होते. बाहीही एकच छापलेली असते. ती दोनदा कापायची. कागद वाचतो, श्रमही वाचतात. ही व्यवस्था इतकी सोयीची आहे की तिच्या पोटातले गृहीतक सहसा ध्यानात येत नाही: माणसाची डावी बाजू हे उजवीचे प्रतिबिंब असते.

माझी नाही. तेराव्या वर्षापासून माझा कणा एका बाजूला झुकत गेला. डावा खांदा उजव्याहून पाऊण इंच खाली आहे आणि पाठ उजवीकडे थोडी फुगीर आहे. तयार कपड्याचा गळा माझ्या अंगावर डावीकडे सरकतो, पाठीवर एक तिरपी चुणी पडते. लहानपणी आम्ही ज्या शिंप्याकडे जात असू, ते गृहस्थ माप घेताना आवाज उतरवून आईला म्हणत, “ताई, डावीकडं जरा पॅड घालतो, म्हंजे कळायचं नाही.” त्यांच्या मनात चांगलाच हेतू होता. पण ते ‘कळायचं नाही’ मी पुढे वीस वर्षे अंगावर वागवले. खांद्यावरची ती कापसाची लहानशी उशी प्रत्येक कपड्यात मला सांगत असे, की तुझ्या शरीराने या कपड्याची माफी मागायची आहे.

कपड्याला हा अधिकार कोणी दिला? अमेरिकेच्या कृषी खात्याने १९३९-४० मध्ये सुमारे पंधरा हजार स्त्रियांची मापे घेतली, आणि रूथ ओ’ब्रायन व विल्यम शेल्टन यांनी १९४१ मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. गोऱ्या नसलेल्या स्त्रियांची मापे त्या हिशेबातून वगळली होती. तेथे पुढे जे प्रमाणमाप ठरले त्याचा मोठा आधार हा अहवाल होता. बुर्डाच्या कोष्टकातील नेहमीची मापे १६८ सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीसाठी आहेत. मी १५४ भरते. उंचीचे एक वेळ जमवता येते. पण सरासरीचा स्वभावच असा, की एकीचा डावा खांदा खाली आणि दुसरीचा उजवा, असे असले तर बेरजेत दोन्ही फिटून जातात आणि उरते एक सरळ बाई. तिला कोणी पाहिलेले नसते. तरी सगळ्यांचे कपडे तिच्याच अंगावरून बेतले जातात.

म्हणून मी घडीची सूचना पाळत नाही. तपकिरी कागदावर पाठ पूर्ण काढते, उजवी वेगळी आणि डावी वेगळी. मग मांजरपाटाचा कच्चा नमुना कापून, कच्चे टाके घालून आरशापुढे उभी राहते. डाव्या खांद्याची शिवण खाली घेतली की मुंढाही तेवढाच खाली घ्यावा लागतो, नाहीतर बाही बगलेत काचते. उजवीकडे कागद आडवा चिरून पाव इंच उघडते आणि तो वाढीव फुगवटा टकमध्ये घेते. कागदावर जे वाकडे दिसते, तेच अंगावर सरळ बसते. पॅटर्न आखणाऱ्याचे ज्ञान मी टाकून देत नाही. बाहीचा वरचा गोलाई मुंढ्यापेक्षा थोडी अधिक का ठेवावी, उभा धागा कोठून न्यावा, हे तिलाच ठाऊक असते. माझ्याबद्दल मात्र तिला काही ठाऊक नाही, आणि तेवढी भर मला घालावी लागते.

कापडानेही बाजू घ्यावी लागते. एके काळी मी मंगळदास मार्केटमधून मऊ, गडद, बारीक फुलांचे सुती कापड आणत असे. फुलांच्या गर्दीत शिवणीचा उतार लपतो. चौकडीचे कापड मी कटाक्षाने टाळले, कारण त्याच्या आडव्या रेषा पट्टीसारख्या असतात, खांद्याचा फरक इंचात मोजून दाखवतात. काही वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा हातमागाचे निळे चौकडीचे कापड घेतले, तीन वार. उजव्या खांद्यावर शिवण एका चौकडीच्या मध्यावर येते, डाव्या खांद्यावर पुढच्या रेषेवर. पाहणाऱ्याला स्पष्ट दिसते. पॅड घातलेले नाही. तो कुर्ता घालून मी वर्गावर गेले, खडू घेऊन फळ्याकडे वळले, आणि ज्या पाठीमुळे मी वीस वर्षे बसून शिकवणे पसंत केले होते ती साठ मुलामुलींपुढे होती.

शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात त्याला आपल्याकडे ‘माया’ म्हणतात. वेदान्त्यांना न मानवणारा पण घरातल्या बायकांना सहज कळणारा हा अर्थ आहे. मोठ्या अमेरिकी कंपन्यांच्या पॅटर्नमध्ये पाच अष्टमांश इंच माया आधीच धरलेली असते. बुर्डाच्या पानावर ती नसते. तेथील रेषा हीच शिवणीची रेषा, आणि माया ज्याची त्याने घालायची. मी डाव्या खांद्याला पुरती एक इंच घालते, कारण वयाबरोबर कणा आणखी झुकेल असे डॉक्टरांनी सांगून ठेवले आहे. तेव्हा शिवण उसवून तोच कपडा पुन्हा अंगाबरोबर करता यावा.

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने त्या निळ्या कुर्त्याचा नमुना मागितला. माझे तपकिरी कागद, ज्यांवर ‘डावी’ आणि ‘उजवी’ असे लिहिलेले आहे, तिच्या काही उपयोगाचे नव्हते. मी तिला बुर्डाचे मूळ पान दिले, कोऱ्या कागदाची एक गुंडाळी दिली आणि मापटेप कोठे चांगली मिळते ते सांगितले. तिने विचारले, “आधी काय मोजू, मॅडम?” मी म्हटले, “दोन्ही खांदे. वेगवेगळे.”