साचा आणि सॉफ्टवेअर

इंजिनिअर झाल्यावर पहिली नोकरी लागली ती युद्धनौकांच्या सॉफ्टवेअरची. लालबागहून माझगाव डॉक तसं जवळच. पहिल्याच दिवशी मोबाईल गेटवर जमा! संध्याकाळी आजोबांनी विचारलं, "काय केलंस रे दिवसभर?"

"सांगता येत नाही, आजोबा."

ते १९८२च्या संपापर्यंत गिरणीत साच्यावर होते. आपल्या गिरणीचं कापड दुकानात दिसलं की आजीला कौतुकाने दाखवायचे. मी काय दाखवणार?

२१ नोव्हेंबर २०२१ला माझगावात बांधलेली 'आयएनएस विशाखापट्टणम' नौदलात दाखल झाली. टीव्हीसमोर आजोबा हळूच म्हणाले, "यात तुझं काही आहे का रे?" मी नुसता हसलो.

आपलं कापड खपावं, असं त्यांना वाटायचं. माझं काम अचूक व्हावं आणि लढाईत ते वापरायची वेळ कधीच येऊ नये, असं मला वाटतं...