परक्या नगरीतील पहिला दिवस

परभणीहून परळीकडे जाणारी पॅसेंजर गाडी पोखर्णीला थांबते. नृसिंहाच्या दर्शनाला आलेली मंडळी तेथे उतरतात. त्यांतील कोणाला वाट विचारावी लागत नाही, गर्दीच वाट दाखविते. एखाद्याने विचारलीच, तर एकाला विचारताच चौघे उत्तर देतात आणि पाचवा थोडे अंतर सोबत चालतो. या स्थानकापासून जवळच माझे वास्तव्य आहे. वाट विचारणे ही कष्टाची गोष्ट असू शकते, हे मला रोमला जाईपर्यंत ठाऊक नव्हते.

२०१८ च्या ऑक्टोबरात एका अभ्यासवर्गाच्या निमित्ताने तो योग आला. सोबतचे धर्मगुरू दुसऱ्या दिवशी पोहोचायचे होते. त्यामुळे पन्नाशीला टेकलेला मी एक पूर्ण दिवस त्या महानगरात एकटा होतो. उतरलो होतो टर्मिनी स्थानकाजवळ, धर्मभगिनींच्या अतिथिगृहात. टर्मिनी म्हणजे शेवटचे स्थानक, असा माझा समज होता. वस्तुतः समोरच असलेल्या डायोक्लेशियन बादशहाच्या प्राचीन स्नानगृहांवरून, 'थर्मे' या शब्दावरून, ते नाव पडले आहे.

संत पेत्राचे महामंदिर सर्वांसमवेत पाहायचे ठरले होते. एकट्याने कोठे जावे? मनात एकच ठिकाण होते. 'ख्रिस्तपुराण'कर्ते फादर थॉमस स्टीफन्स यांनी १५७५ साली रोममध्येच येशूसंघात प्रवेश केला. क्विरिनाल टेकडीवरील संत आंद्रेयाच्या नवदीक्षितगृहात ते राहिले. सेमिनरीत असताना मी त्यांच्या ओव्या पाठ केल्या होत्या. ज्या घरातून तो इंग्रज तरुण आपल्या भाषेकडे निघाला, त्या घराचा उंबरठा पाहावा, एवढीच इच्छा होती. नकाशावर ते अंतर जेमतेम वीतभर होते.

त्या वीतभर अंतरात मी दोन तास हरवलो. रस्ते काटकोनात मिळत नव्हते आणि लोकांच्या कानांत यंत्रे खुपसलेली होती. इंग्रजीतून विचारले की खांदे उडवीत. अखेर एका वृद्ध गृहस्थाला गाठून मी सेमिनरीतली लॅटिन बाहेर काढली, "उबी एस्त एक्लेसिया सांक्ती आंद्रेए?" त्यांनी मोठ्या आनंदाने, दोन्ही हात हलवीत, पाच मिनिटे इटालियनमध्ये उत्तर दिले. त्यातला एक शब्द मला कळला नाही. आमच्या लॅटिनच्या प्राध्यापकांनी मला उत्तीर्ण कसे केले, याचा उलगडा अजून झालेला नाही.

ऊन चढले, घसा कोरडा पडला. दुकानात पाण्याच्या बाटलीवरील किंमत रुपयांत मोजली आणि बाटली जागेवर ठेवली. कोपऱ्यावर बिडाचा एक ठेंगणा खांब होता. त्याच्या वाकड्या नळीतून पाण्याची धार अखंड गटारात जात होती. ज्या मराठवाड्यात २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथला मी माणूस. ती धार पाहून जीव कळवळला. पण पाणी पिण्याजोगे असेल का? असते तर असे वाहू दिले असते का?

मी नुसताच उभा होतो. फुटपाथवर छत्र्या विकणारा एक तरुण म्हणाला, "इंडिया?" तो बांगलादेशाचा होता आणि हिंदी चित्रपटांतून शिकलेली हिंदी बोलत होता. "पानी अच्छा है, अंकल. पीजिए." नळीचे तोंड त्याने बोटाने दाबले. त्याबरोबर नळीच्या पाठीवरच्या बारीक छिद्रातून कारंजे उडाले. असे प्यायचे! या नळांना तेथे 'नासोने', म्हणजे मोठे नाक, म्हणतात. १८७४ पासून ते बसविण्यात आले आणि आज शहरात सुमारे २,५०० आहेत. मी पोटभर पाणी प्यालो. त्याने आपल्या छत्र्या शेजाऱ्यावर सोपविल्या आणि मला वळणापर्यंत आणून सोडले. आकाश निरभ्र होते, तरी मी त्याच्याकडून एक छत्री घेतली. पाच युरोंना.

संत आंद्रेयाचे चर्च दुपारच्या विश्रांतीसाठी बंद होते. समोर क्विरिनाल राजवाडा आहे. पूर्वी पोपमहोदयांचा, १८७० नंतर राजांचा आणि १९४६ पासून इटलीच्या राष्ट्राध्यक्षांचा. पहारेकऱ्यांनी माझ्याकडे एकवार पाहिले. शेजारच्या लहानशा बागेत मी छत्री मांडीवर ठेवून बसलो.

बंद दरवाजासमोर बसल्यावर एक जुनी गोष्ट आठवली. ती मी कोणाजवळ बोललो नव्हतो. काही वर्षांपूर्वीचा मे महिना, भर दुपार. जेवून नुकताच आडवा झालो होतो. फाटकाशी कोणी हाका मारीत होते. खिडकीतून पाहिले तर डोक्यावर गाठोडे घेतलेला एक माणूस, तेलुगू बोलणारा. त्याच्या बोलण्यातला 'गंगाखेड' एवढाच शब्द मला समजला. मी खिडकीतूनच हात करून "सरळ जा" म्हटले आणि झडप लावून घेतली. संध्याकाळी स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या, "फादर, त्यो माणूस लई येळ लिंबाखाली बसला व्हता. मला वाटलं, तुम्ही पाणी दिलं आसंल." मी काही बोललो नाही.

तो माणूस गंगाखेडला पोहोचला असेलच. बारा-पंधरा किलोमीटरांची तर बाब. पण त्या बागेत मला तो स्पष्ट दिसू लागला, गाठोड्यासकट.

तिसऱ्या प्रहरी दार उघडले. आत लंबवर्तुळाकार, तांबूस संगमरवराचे, सोनेरी घुमटाचे मंदिर. बेर्निनीचे हे काम १६५८ ते १६७० मधले. म्हणजे स्टीफन्स यांनी यातले काहीच पाहिलेले नव्हते. संत स्तानिस्लाव कोस्त्का १५६८ साली येथेच वारले. त्यांची संगमरवरी मूर्ती आहे, भाविक तेथे गुडघे टेकतात. स्टीफन्स यांचे नाव मी भिंतीभिंतीवर शोधले, मला आढळले नाही. १५७९ च्या एप्रिलमध्ये ते लिस्बनहून निघाले आणि ऑक्टोबरात गोव्याला उतरले. ना ओळखीचा माणूस, ना कानाला ओळखीचा शब्द! त्यांनाही पहिल्या दिवशी कोणीतरी पाणी दाखविले असेल. सदतीस वर्षांनी, १६१६ साली, त्यांचे पुराण रायतूरला छापले गेले. देवनागरी खिळे नव्हते म्हणून मराठी ओव्या रोमन अक्षरांत. रोमने त्यांना दिलेले तेवढे अक्षर त्यांच्यासोबत टिकले, असे मला तेथे गंमतीने वाटले.

परतताना टेकडी उतरून 'जेजू' मंदिरात गेलो. संत फ्रान्सिस झेवियर यांचा १६१४ साली गोव्याहून आणलेला उजवा हात तेथे आहे. गोव्यातील त्यांचे शव मी दर्शनाच्या सोहळ्यात पाहिले होते. या हातापुढे मात्र जास्त वेळ थांबलो. दिवसभरात भेटलेली ओळखीची अशी ती एकच वस्तू होती.

महिन्याने परत आलो. मावशींना म्हटले, फाटकापाशी, लिंबाखाली, पाण्याचा रांजण ठेवू या. त्या म्हणाल्या, "रोममदी आसं आसतं व्हय, फादर?" मी म्हणालो, "हो."

उन्हाळ्यात तो रांजण दिवसातून दोनदा भरावा लागतो. पेला आतापर्यंत तीनदा चोरीस गेला. तो साखळीने बांधावा, असे मावशींचे मत आहे. मी अजून बांधलेला नाही.