दहा मिलिमीटरचा पत्रा

'नासहॉर्न' या जर्मन रणगाडाभेदी वाहनात तोफेभोवतीच्या भिंती अवघ्या १० मिलिमीटर जाडीच्या होत्या. मी मॉडेल करतो ते १:३५ या प्रमाणात. त्या हिशेबाने भिंत ०.२९ मिलिमीटर हवी. किटमधलं प्लास्टिक साधारण १ मिलिमीटर जाड असतं, म्हणजे खऱ्या मापात साडेतीन सेंटिमीटर. खोक्यातले भाग जसेच्या तसे चिकटवले तरी मॉडेल देखणं होतं, पण आतली माणसं होती त्याहून कितीतरी सुरक्षित वाटू लागतात. म्हणून माझं काम रंगापासून नाही, या पत्र्यापासून सुरू होतं.

पॅन्झर-३ आणि पॅन्झर-४ या रणगाड्यांचे भाग एकत्र करून जर्मनांनी हा सांगाडा उभा केला. इंजिन मधोमध घेतलं आणि मागच्या उघड्या पेटीत ८८ मिलिमीटरची तोफ बसवली. नळीची लांबी व्यासाच्या ७१ पट, म्हणजे जवळजवळ सव्वासहा मीटर. जुलै १९४३ मध्ये कुर्स्कच्या लढाईत हे वाहन उतरलं. दोन किलोमीटरवरून समोरचा रणगाडा फोडण्याची ताकद त्यात होती. स्वतःच्या माणसांना मात्र बंदुकीची गोळी आणि किरचा अडतील एवढाच आडोसा, आणि डोक्यावर आभाळ. पाऊस आला की ताडपत्री ओढायची.

८८ मिलिमीटरची जर्मन तोफ पाहायला आम्हा धाराशिवकरांना फार लांब जावं लागत नाही. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात एक आहे. ती विमानविरोधी जातीची, नळीने आखूड. तरी तिच्याजवळ उभं राहिलं की छायाचित्रांतून न कळलेला आवाका कळतो. आणि तोफांचाच विषय निघाला तर आमचं परंडा कसं वगळू? मुलूखमैदान तोफ १५४९ मध्ये नगरला ओतली गेली, पुढे परंड्याच्या किल्ल्यात होती, १६३२ मध्ये तिथून विजापूरला गेली. तिच्या तोंडाचा बाहेरचा व्यास दीड मीटरच्या आसपास, आतला सुमारे ७० सेंटिमीटर. म्हणजे दारूच्या धक्क्यासमोर सगळीकडून ४० सेंटिमीटर धातू. तोफेला जपण्यात ओतारी कधी हात आखडता घेत नाहीत. माणसांच्या वाट्याला किती धातू येतो, हे मी प्रत्येक मॉडेलमध्ये आधी बघतो.

प्लास्टिकची भिंत आतून घासून पातळ करता येते. वरच्या कडेला तिरका उतार दिला की डोळ्याला कड पातळ भासते आणि बरेच जण तिथेच थांबतात. बंद रणगाड्याला ते चालेल. नासहॉर्नच्या पेटीत माणूस वरून वाकून बघतो, तिथे ही युक्ती पुरत नाही. मी त्या भिंती ०.३ मिलिमीटरच्या पितळी पत्र्यातून नव्याने कापतो. पत्रा आधी मंद लाल होईपर्यंत तापवून निवू द्यायचा, म्हणजे नरम पडतो आणि घडी सरळ येते. सराफांना हत्यारं विकणाऱ्या दुकानातल्या बारीक कानशी या कामाला सगळ्यात चांगल्या. सांध्याला कथलाचा डाग आतल्या बाजूने द्यायचा आणि जास्तीचा खरवडून काढायचा. एवढं झालं की पेटीचं रूपच पालटतं. तोफेचा मागचा अजस्र भाग, त्याला चिकटून उभं राहायची वीतभर जागा आणि भोवती कागदासारखा पत्रा, हे सगळं एका नजरेत येतं.

रंगकामाला इथला उन्हाळा वैरी. एप्रिल-मे मध्ये ॲक्रिलिक रंग एअरब्रशच्या नोझलमध्येच सुकतो. म्हणून गडद पिवळ्याचे हात पहाटे द्यायचे आणि रंगात सुकणं लांबवणारं द्रावण घालायचं. पेटी वरून उघडी असल्याने तिच्या आतही बाहेरचाच पिवळा रंग असे.

वापराच्या खुणा कुठे उमटवायच्या हे मात्र मी पुस्तकांपेक्षा ढोकीच्या रस्त्यावरच्या उसाच्या ट्रॉल्यांकडून शिकलो. गंज सगळीकडे चढत नाही. जिथे पाय ठेवून माणूस वर चढतो तिथलं लोखंड चकचकीत राहतं. ग्रीस गळतं तिथे धूळ काळी होऊन बसते, चिखल चाकामागच्या कोपऱ्यात साचतो. नासहॉर्नमध्ये गोळा भरणारा ज्या चौरसात उभा राही तिथला रंग आधी जाणार, मागच्या दाराची कड हातांनी झिजणार. धुळीसाठी बालाघाटाचा मुरूम खलात कुटून वस्त्रगाळ करतो आणि त्यात खडूची भुकटी मिसळतो. नुसत्या चाळणीने भागत नाही, कारण दशांश मिलिमीटरचा कण या प्रमाणात साडेतीन मिलिमीटरचा खडा होतो.

धूळ फिकी हवी, कारण माझं वाहन इटलीतलं आहे. तिथे ५२५ व्या जर्मन बटालियनकडे नासहॉर्न होती. त्याच आघाडीवर मराठा लाइट इन्फन्ट्री लढत होती. १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या वरच्या खोऱ्यात माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे मशीनगनचं ठाणं एकट्याने घेऊन पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. फोडलेल्या रणगाड्यांची मोजदाद म्हणून जर्मन सैनिक तोफेच्या नळीवर पांढऱ्या कड्या रंगवत. त्या मॉडेलवर उठून दिसतात, मागणीही असते. मी त्या रंगवत नाही. समोरच्या बाजूला आपली माणसं होती, आणि मित्रराष्ट्रांच्या शर्मन रणगाड्यात पाच जण बसत.

यानंतर आर्चर करायला घेतोय. हे ब्रिटिश रणगाडाभेदी वाहन, व्हॅलेंटाइन रणगाड्याच्या सांगाड्यावर मागे तोंड केलेली १७ पौंडी तोफ. अहिल्यानगरला तेही उभं आहे. त्याची सुरुवात चालकाच्या आसनापासून करणार, कारण तोफ उडवताना तिचा मागचा भाग धक्क्याने थेट त्या जागेवर यायचा आणि चालकाला आधीच उठून बाजूला व्हावं लागायचं.