पंधरावं रत्न

समुद्रमंथनातून चौदा रत्नं निघाली, त्यांत शेवाळ नव्हतं. देवदानवांना जे सुचलं नाही ते आमच्या अमेरिकेतल्या भाच्याला सुचलं. दिवाळीत आला तो बाटली घेऊनच. "मामा, केल्प! समुद्रातलं शेवाळ. शंभर टक्के नॅचरल. जपानी लोक रोज खातात."

माझं बालपण मालवणात गेलं. शेवाळ ही वस्तू खडकावरून घसरून पडण्यासाठी असते, एवढंच मला ठाऊक. पाय सटकला की आजी शेवाळाला शिव्या द्यायची आणि मला धपाटा. त्याच्या गोळ्या करून कोणी गिळतं हे तिला सांगितलं असतं, तर आणखी एक धपाटा मिळाला असता.

त्याच सुमारास आमच्या सौ.चा थायरॉइडचा रिपोर्ट 'काठावर' आला होता. डॉक्टर म्हणाले, "औषध नको इतक्यात. सहा महिन्यांनी पुन्हा तपासू." डॉक्टरनं काहीच न देणं हा आमच्या घराण्यात अपमान समजतात. थायरॉइडला आयोडीन लागतं, शेवाळात आयोडीन असतं. हिशेब सरळ होता. रोज सकाळी चहाबरोबर मी तिच्या हातावर दोन गोळ्या ठेवू लागलो.

"अहो, बाटलीवर एक लिहिलंय ना?"

"नैसर्गिक आहे गं! जास्त झालं म्हणून काय होणार?"

शिमगा जवळ आला. लोकांनी पंखे लावले आणि हिनं शाल काढली. पहाटे पाचला उठणारी बाई आठला उठेना. भाजीत मीठ दोनदा पडू लागलं. मी यथेच्छ थट्टा केली. मग एका संध्याकाळी ओट्याजवळच्या स्टुलावर बसल्या बसल्या तिला झोप लागली. गॅसवर दूध होतं. मी बाहेरून आलो तेव्हा दूध आटून, पातेलं कोळशासारखं काळं झालं होतं आणि ती तशीच झोपलेली. त्यानंतर मी थट्टा केली नाही.

टीएसएच सहावरून एकवीसवर गेलं होतं.

"दिवसाला 150 मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं," डॉक्टर बाटली निरखत म्हणाले. "ते घरच्या मिठातून मिळतंच. काही केल्पच्या एका ग्रॅममध्ये हजाराच्या वर असतं. कमी पडलं तर थायरॉइड थकते, आणि फार झालं तरी काहींची कामच थांबवते."

"पण नैसर्गिक—"

"धोतराही नैसर्गिकच आहे."

आता वाचतो, तर 1811 साली फ्रान्समध्ये बर्नार कूर्त्वा हा गृहस्थ बंदुकीच्या दारूसाठी सोरा करत होता. शेवाळाच्या राखेत त्याच्या हातून गंधकाम्ल जरा जास्तच पडलं, जांभळी वाफ उठली आणि आयोडीन सापडलं. म्हणजे प्रमाण चुकण्याची परंपरा मूळ पुरुषापासूनची आहे. अर्थात, त्याचं नाव झालं.

घरी येताना रिक्षात ती मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

बाटली बंद झाली. दोनेक महिन्यांनी रिपोर्ट पुन्हा काठावर येऊन बसला. त्या आनंदात तिनं चायना ग्रासच्या वड्या केल्या. पुडा हातात घेतला आणि माझ्या पोटात गोळा आला. चायना ग्रास म्हणजे समुद्रशैवालातूनच काढलेलं! डॉक्टरांना फोन केला. ते हसले, "वडीभर चायना ग्रासनं काही होत नाही हो, खा."

मी निरोप सांगितला. तिनं बशी माझ्यापुढे सरकवली.

"आधी तुम्ही खा. दोन."