कॅन्ससची दैनंदिनी : निकोडेमस

बुधवार, एलिस

वॉल्टर क्रायस्लर, ते मोटारवाले, याच गावात वाढले. त्यांचं घर जपून ठेवलंय, पण मी थांबलो ते रेल्वेसाठी. सप्टेंबर १८७७ मध्ये केंटकीहून आलेली सुमारे तीनशे कृष्णवर्णीय माणसं इथे गाडीतून उतरली. गुलामगिरी संपून जेमतेम बारा वर्षं झाली होती. कॅन्ससमध्ये निकोडेमस नावाचं आपल्याच लोकांचं गाव वसतंय, सरकारी जमीन मिळतेय, अशी जाहिरात ऐकून ती निघाली होती. पुढचे पस्तीसेक मैल बहुतेकांनी पायी काटले. उद्या मी मोटारीने जाईन.

गुरुवार, निकोडेमस

वाटेत दोन्ही बाजूंना ज्वारी, तांबूस कणसांची. जीव सुखावला. इथे ती बहुतेक जनावरांच्या पोटात जाते, हे मात्र पटत नाही.

गावात पाच जुन्या इमारती आहेत : दोन चर्च, एक हॉटेल, शाळा आणि टाउनशिप हॉल. मंदीच्या काळात सरकारने लोकांना काम मिळावं म्हणून १९३९ मध्ये हा चुनखडीचा हॉल बांधून घेतला. १९९६ पासून गाव राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. राहणारी माणसं मात्र विसाच्या आत.

पहिले लोक आले तेव्हा इथे झाड नव्हतं, म्हणजे घराला लाकूड नाही. त्यांनी जमिनीत खड्डे खोदले, वर छप्पर घातलं आणि आत संसार मांडला. नंतर आलेल्यांना गाव दिसेचना. दिसला तो जमिनीतून वर येणारा धूर. काही कुटुंबं तशीच परत फिरली. गावाची जाहिरात करणाऱ्या डब्ल्यू. आर. हिल या गोऱ्या प्रवर्तकावर लोक इतके भडकले की त्याला लपून बसावं लागलं, असं सांगतात. मला यात नवल वाटत नाही. पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज या मूलनिवासी जमातीच्या लोकांनी वस्तीला मांस दिलं, म्हणून निभावलं. नांगर, घोडे मोजकेच. बहुतेकांनी कुदळ-फावड्यानेच माळ फोडला.

आणि तरीही दहा वर्षांत इथे दुकानं, हॉटेलं, बँक, दोन वर्तमानपत्रं! इथलेच एडवर्ड मॅककेब १८८२ मध्ये राज्याचे लेखापरीक्षक म्हणून निवडून आले.

शुक्रवार, बोग

सॉलोमन नदी ओलांडून काही मैलांवर हे गाव. निकोडेमसचा घात इथे झाला. रेल्वे यावी म्हणून १८८७ मध्ये टाउनशिपने सोळा हजार डॉलरचे रोखे मंजूर केले होते. तरी १८८८ मध्ये रूळ पडले ते नदीच्या दक्षिणेला. व्यापारी दुकानं उचलून इकडे आले. त्यानंतर दुष्काळ, १९३० च्या दशकातली धुळीची वादळं. १९५३ मध्ये टपाल कचेरीही बंद झाली. दोष दुष्काळाला देण्याची रीत आहे, पण खड्ड्यात राहून तगलेली माणसं दुष्काळाने हटली नसती. गाव मोडलं ते रेल्वेने.

शेती करणारे काहीजण मात्र निकोडेमसमध्येच राहिले, आणि गेलेल्यांची नातवंडं-पतवंडं दरवर्षी जुलैच्या अखेरीस मुक्तिदिनाच्या मेळाव्याला येतात. ही प्रथा १८७८ पासूनची. तुम्हाला निकोडेमस पाहायचंच असेल तर तेव्हा जा. एरवी भेटतील त्या पाच इमारती आणि वारा.