दोन मतांचा मतदारसंघ

गिरगावातून दादरला जायला लोकल सोयीची, पण या शहराचं राजकारण रस्त्याने जास्त कळतं. म्हणून प्रार्थना समाजाच्या सिग्नलवरून मी सरदार वल्लभभाई पटेल रस्त्याला लागलो. जुन्या लोकांच्या तोंडी हा अजून सँडहर्स्ट रोडच आहे. बाजूच्या खेतवाडीत, राजभुवन नावाच्या इमारतीत, स्वातंत्र्याच्या आगेमागे कम्युनिस्ट पक्षाचं मध्यवर्ती कार्यालय होतं. आज या गल्ल्या ओळखल्या जातात त्या गणपतींसाठी. गिरगाव, भायखळा, लालबाग, परळ हा सगळा पट्टा आता 'मुंबई दक्षिण' लोकसभा मतदारसंघात मोडतो. मी निघालो होतो तो मात्र नकाशावरून पुसल्या गेलेल्या एका मतदारसंघाच्या शोधात. त्याने एकाच दिवशी दोन खासदार निवडून दिले होते आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना पाडलं होतं.

भायखळ्यापासून थेट शीवपर्यंतच्या रस्त्याला आज त्यांचंच नाव आहे. त्यांची इथली पहिली निवडणूक 1937 ची, प्रांतिक कायदेमंडळाची. मतदारसंघ भायखळा-परळ, पक्ष त्यांनी नुकताच काढलेला स्वतंत्र मजूर पक्ष, आणि समोर काँग्रेसचे पाळवणकर बाळू, म्हणजे 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारे फिरकी गोलंदाज. आंबेडकर सुमारे 2 हजार मतांनी निवडून आले. त्या वेळच्या मुंबई प्रांतात मतदाराला जितक्या जागा तितकी मतं असत आणि हवी तर ती सगळी एकाच उमेदवाराच्या पदरात टाकता येत. संख्येने लहान पण एकजुटीच्या वस्तीला हा नियम मोठा आधार होता.

लालबागला उतरलो तर हवेत भाजलेल्या मिरचीचा ठसका. मसाल्याचा हंगाम ऐन भरात होता. काउंटरवर बेडगी, संकेश्वरी, धणे, दगडफूल यांची पोती तोंड उघडून उभी, आत डंकांची धपधप, आणि बाहेर आपली मिरची दुसऱ्याच्या डब्यात जाऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बसलेल्या बायका. माझ्या पुढच्या ताईंचा पाच किलोंचा मालवणी मसाला होता.

"इथेच राहता का?" मी विचारलं.

"छे हो, आता विरारला. चाळ गेली, मग तिकडे घर घेतलं. मतदानपण तिकडेच. मसाला मात्र इथलाच."

त्यांच्या आजेसासऱ्यांच्या पिढीने जानेवारी 1952 मध्ये, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, इथे मत दिलं तेव्हा हा भाग 'मुंबई शहर उत्तर' मतदारसंघात होता. एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव आणि मतदार दोन्हींसाठी तेच. प्रत्येकाच्या हातात दोन मतपत्रिका. शिक्का मारायचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, वर चिन्ह चिकटवलेलं. बैलजोडी काँग्रेसची, झाड समाजवाद्यांचं, हत्ती शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा, विळा-कणीस कम्युनिस्टांचं. 1937 ची सवलत मात्र गेली होती. दोन्ही कागद एकाच पेटीत टाकले, तर त्यांतला एक बाद.

राखीव जागेसाठी आंबेडकर उभे होते. हिंदू कोड बिल रखडवल्यामुळे काही महिन्यांपूर्वीच त्यांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. त्यांच्या फेडरेशनची समाजवादी पक्षाशी युती होती आणि सर्वसाधारण जागेवर जोडीला अशोक मेहता होते. काँग्रेसने विठ्ठल बाळकृष्ण गांधी आणि नारायण सदोबा काजरोळकर ही जोडी दिली. कम्युनिस्टांचे श्रीपाद अमृत डांगे वेगळे उभे राहिले. निकाल लागला तेव्हा काजरोळकरांना 1,38,137 आणि आंबेडकरांना 1,23,576 मतं होती. 14,561 मतांनी राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष हरले. मेहताही पडले, डांगेही पडले. 70 हजारांहून अधिक मतपत्रिका बाद ठरल्या होत्या. दुसरं मत आंबेडकरांना देण्यापेक्षा वाया घालवा, असा प्रचार कम्युनिस्टांनी केल्याचा आरोप करत आंबेडकर आणि मेहता यांनी निवडणूक याचिका दाखल केली. ती फेटाळली गेली.

दोन जागांच्या मतदारसंघाची ही रीत ब्रिटिशांकडची. स्कॉटलंडमधलं डंडी हे तागाच्या गिरण्यांचं शहर 1868 पासून 1950 पर्यंत एकत्रच दोन खासदार निवडत होतं. 1908 पासून तिथून निवडून येणाऱ्या विन्स्टन चर्चिलना 1922 मध्ये त्याच गिरणी कामगारांनी पाडलं आणि दारूबंदीवाले एडविन स्क्रिमजर व मजूर पक्षाचे ई. डी. मोरेल यांना पाठवलं. दोघांचे पक्ष वेगळे, पण मतदारांनी आपली दोन मतं दोघांत वाटली. 1950 मध्ये डंडीचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले. ब्रिटनने मोडीत काढलेली ही पद्धत दोनच वर्षांनी आपल्याकडे मतपेट्यांसकट लालबाग-परळात अवतरली.

भारतमाता सिनेमापाशी थांबलो. शेजारी इंडिया युनायटेड मिल नंबर एकची भिंत. याच कंपनीची सहा नंबरची गिरणी म्हणजे दादरची इंदू मिल, जिथे आता आंबेडकरांचं स्मारक उभं राहतंय. पुढे परळ. इथल्या बीआयटी चाळीत आंबेडकरांनी ऐन उमेदीची वर्षं काढली. जवळच्या दामोदर हॉलमध्ये 1924 च्या मार्चमध्ये भरलेल्या सभेतून बहिष्कृत हितकारिणी सभेचा विचार पुढे आला. याच परळच्या दळवी बिल्डिंगमध्ये लाल बावट्याच्या गिरणी कामगार युनियनचा कारभार चाले. युनियन 1928 ची. त्याच वर्षीचा संप सहा महिने चालला होता. आंबेडकरांची चाळ आणि डांग्यांची युनियन यांच्यात चालत जाण्याइतकंच अंतर. पण गिरण्यांतल्या चांगल्या पगाराच्या साच्याखात्यात दलितांना मज्जाव होता आणि संप पुकारणाऱ्यांनी त्याकडे काणाडोळा केला, ही आंबेडकरांची जुनी तक्रार. 1952 च्या त्या बाद मतपत्रिकांमागे एवढा मागचा हिशेब होता.

तो हिशेब संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने बाजूला ठेवायला लावला. फेब्रुवारी 1956 मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. कम्युनिस्ट, प्रजासमाजवादी, शेकाप आणि फेडरेशन एका मांडवाखाली आले. 6 डिसेंबरला बाबासाहेब गेले. तीनच महिन्यांत दुसरी सार्वत्रिक निवडणूक झाली. एव्हाना 'मुंबई शहर उत्तर' हे नाव उपनगरांकडे सरकलं होतं. तिथून व्ही. के. कृष्ण मेनन निवडून आले. लालबाग-परळचं हे गिरणगाव नव्या 'मुंबई शहर मध्य' मध्ये आलं, तेही दोन जागांचंच. मतपत्रिका दोन, पेट्या वेगवेगळ्या, कामगार तेच. या वेळी एक कागद डांग्यांच्या पेटीत पडला आणि दुसरा फेडरेशनच्या गोपाळ काळुजी माने यांच्या. दोघंही दिल्लीला गेले.

संसदेने 1961 मध्ये कायदा करून द्विसदस्य मतदारसंघ बंद केले आणि 'मुंबई शहर मध्य'चे तुकडे पडले. 1962 ला डांगे हरले, 1967 ला पुन्हा जिंकले. 1984 मध्ये इंदिराजींच्या हत्येनंतरच्या काँग्रेस लाटेतही मुंबई दक्षिण मध्यमधून गिरण्यांच्या नंतरच्या मोठ्या संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत अपक्ष म्हणून निवडून आले. 2008 च्या पुनर्रचनेत लालबाग-परळ मुंबई दक्षिणला गेलं आणि दादर दक्षिण मध्यमध्ये राहिलं. हिंदमाता ओलांडून दादर टीटीकडे चालत गेलं की हद्द कधी बदलली ते कळतही नाही. हिंदू कॉलनीतलं आंबेडकरांचं घर, राजगृह, त्या हद्दीच्या पलीकडे, बीआयटी चाळ अलीकडे.

पुढची पुनर्रचना जनगणनेच्या आकड्यांवर होईल, आणि आकडे विरार-बदलापूरकडे गेले आहेत. त्यामुळे गिरणगावाच्या वाट्याला नव्या नकाशात काय येईल, याचा अंदाज मसाल्याच्या रांगेतल्या ताईंनीच देऊन ठेवला आहे. दोन मतांची पद्धत तर कायमची गेली. तिच्या दोन निवडणुकांचा निकाल मात्र इथल्या प्रत्येक नव्या आघाडीने वाचावा असा आहे: आंबेडकर आणि डांगे वेगवेगळे लढले तेव्हा दोघंही पडले, आणि त्यांच्या पक्षांनी एकमेकांसाठी मतं मागितली तेव्हा दोन्ही जागा आल्या.