मोरपंखी आणि स्प्रूस

साताऱ्याला आमच्या अंगणात तुळशीवृंदावनामागे मोरपंखी होती. परीक्षा जवळ आली की तिची चपटी डहाळी वहीत ठेवायची. त्यानं विद्या येते म्हणत. आई आम्हाला झाड ओरबाडू द्यायची नाही, स्वतः खुडून एकेक डहाळी द्यायची. मला तिची फळं जास्त आवडत: निळसर हिरवी, पांढुरकी भुकटी माखलेली, अंगावर आकडे असलेली. वाळली की लाकडासारखी होऊन उकलत. ही मूळची चीनकडची आणि तिकडे तिचा पन्नास फुटी वृक्ष होतो, हे फार उशिरा कळलं. तोवर हे झाड म्हणजे फार तर माझ्या डोक्याइतकं उंच, अशीच माझी समजूत होती.

लग्नानंतर बॉस्टनजवळ आले. घरापुढे हातभर जागा, म्हणून ड्वार्फ अल्बर्टा स्प्रूस हे सुईसारख्या पानांचं खुजं झाड लावलं. इथल्याच अर्नोल्ड आर्बोरेटम या वृक्षोद्यानाच्या आल्फ्रेड रेडर आणि जॉन जॅक या दोघांना 1904 साली कॅनडातल्या अल्बर्टात, लॅगनजवळ, व्हाइट स्प्रूसची काही खुजी, दाट रोपं दिसली. ती त्यांनी जपून आणली. त्या रोपांच्या छाट कलमांवरून पुढे हे झाड गावोगावच्या बागांत गेलं. बी पेरून हा खुजेपणा हाती लागेलच याचा भरवसा नाही. तो कुणीतरी फांदी रुजवत राहिलं म्हणून टिकला. हे समजल्यापासून मला त्या झाडाविषयी फार माया वाटते.

वर्षाला ते जेमतेम दोन-चार इंच वाढतं. कात्री न लावता शंकूसारखा आकार धरतं. वसंतात कोवळी पालवी इतकी मऊ असते की येता-जाता हात फिरवल्याशिवाय राहवत नाही. कधीकधी मात्र कोळी लागतो. पांढऱ्या कागदावर फांदी झटकायची, बारीक ठिपके चालू लागले की पाइपच्या जोरदार धारेनं आतपर्यंत झाड धुऊन काढायचं.

कधीतरी या झाडाला आपलं मूळ कूळ आठवतं. दाट पानोळ्यातून एखादी जाड, लांब सुयांची फांदी सरळ उसळते आणि एका हंगामात बाकीच्यांना मागे टाकते. ती बुडापासून कापावी लागते, नाहीतर खुजं झाड तिच्याखाली दबून जातं. गेल्या जूनमध्ये अशी एक निघाली. तरतरीत, निरोगी फांदी; कापताना जीव तुटला. तरी मी कापली, आणि पुन्हा आली तरी कापीन.